फक्कीची गल्ली

"तेवढा माळीपुरा खरवडून टाका," असं साहेब म्हणाले आणि कपातली साय बोटानं बाजूला करत आपल्या खोलीत गेले. म्हणाले ते काही वाईट मनानं नाही. नदीला पूर आला, वस्ती वाहून गेली, आणि जे जमिनीवर उरलं नाही ते नकाशावर ठेवायचं नाही, हा कचेरीचा साधा रिवाज. बुलढाण्याच्या त्या मोजणीच्या कचेरीत शेषराव लग्नाआधीपासून हेच करत आला होता. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई रबरानं जात नाही, पात्यानं हलके हलके खरवडावी लागते. जोर जास्त झाला की कापड फाटतं आणि कमी झाला की रेघ पुसटशी मागे राहते. या कामात त्याचा हात नावाजलेला. त्यानं पातं घेतलं, कापड खिडकीच्या उजेडात ओढलं, माळीपुऱ्याच्या कडेला पात्याचं टोक टेकवलं आणि हात तिथंच थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. शेजारच्या टेबलावरून भगवंतराव म्हणाले, "काय हो, मुंगी चावली काय?" शेषराव हसला, पण हात काही हलेना.

कारण तो पाहत होता ते त्यानं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. माळीपुरा म्हणजे नकाशावर एक वेडीवाकडी कड आणि आत भरलेल्या तिरप्या रेघा. बस, एवढंच. या रेघा त्यानंच काढल्या होत्या, नवीन नवीन नोकरीत असताना, शीळ घालत. आजूबाजूच्या शेतांचा बांध न् बांध मोजलेला, विहिरी मोजलेल्या, एकटं उभं असलेलं बाभळीचं झाडसुद्धा नोंदलेलं. आणि माणसं जिथं निजत होती, भांडत होती, बाळंत होत होती, ती जागा मात्र रेघा ओढून मिटवलेली. गावठाण कोण मोजतो! ज्याचं घर त्याला माहीत, आणि तेवढं आजवर पुरतही होतं. आता घरंच नाहीत म्हटल्यावर कुणाचं कुठं होतं हे सांगणारा कागद जगात कुठंच नव्हता. आणि त्या तिरप्या रेघांत कुठंतरी त्याचं स्वतःचं घर होतं, त्याच्या आईचं, सरस्वतीबाईचं. ती गेल्यापासून कुलूप होतं त्याला. पुराची बातमी आली त्या दिवशी त्याला रडू आलं नव्हतं. माणसं सगळी कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सुखरूप चढली हे कळल्यावर त्यानं सुटकेचा श्वास टाकला होता आणि ऑफिसला आला होता. आणि आज हे असं, भर कामात, पातं हातात असताना, त्याला त्या रेघा खरवडवेनात. त्याला स्वतःचाच राग आला. मग तो पातं खाली ठेवून सरळ साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांनी त्याला आधीच सगळं ठरल्यासारखं सांगितलं. वरच्या माळावर नवी जागा मंजूर झालीय. एका चुलीला एक जागा, एकेक खोली. वाटप चिठ्ठ्या टाकून. "म्हणजे कुणाची कटकट नको," साहेब म्हणाले. शेषराव म्हणाला, "साहेब, गल्ली होती तशीच वर बसवली तर?" साहेबांनी चष्मा काढला. "घर गेलं माणसाचं, आणि त्याला शेजारही तोच पाहिजे?" "हो साहेब." हे 'हो' इतकं झटकन आलं की साहेब हसलेच. माणूस तसा मनाचा मोकळा होता. म्हणाला, "जा मग. दसऱ्यानंतर मी येतो, तोवर गल्ली मला दिसली पाहिजे. पण एक चूल म्हणजे एक जागा, यात माझ्याकडून इकडचं तिकडं होणार नाही. ज्याची चूल वेगळी होती त्यानं चारचौघांत तसं सांगायचं, मी लिहून घेणार."

दुसरबीडच्या अलीकडे फाट्यावर एस.टी.तून उतरून तो पायी निघाला. नदी आता अशी निवांत वाहत होती की हिनं काही केलं असेल असं सांगूनही खरं वाटू नये. माळीपुऱ्याच्या जागी नुसता गाळ, वाळून भेगाळलेला. कुठं जोत्याचा एखादा दगड, कुठं पाटा. त्याला वाटलं होतं, पाय आपोआप घराकडे वळतील. पाय कुठंच वळले नाहीत. भिंती नसल्या की डाव्या-उजव्याला अर्थच राहत नाही. या गल्लीत तो डोळे मिटून धावलेला. आंधळी कोशिंबीर खेळताना कधी कुणाच्या ओट्याला गुडघा लागला नाही. आणि आता उघड्या डोळ्यांनी उभा राहून त्याला स्वतःच्या दाराची दिशा सांगता येत नव्हती. तो वर जिनिंगकडे चढला.

बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये अख्खा माळीपुरा साड्यांचे पडदे लावून राहत होता. "आला बाप्पा आपला मोजणीवाला!" म्हणून बायांनी त्याला घेरलंच. त्यानं कोरा कागद पसरला आणि एकेकाला विचारून घरं मांडायला घेतली, तर भलतीच फजिती. जो तो आपलं घर सांगे ते असं ऐसपैस, की त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या उकंडरावांच्या ओसरीपर्यंत येता येताच कागद संपला. उरलेल्यांची घरं नदीच्या पलीकडच्या तीरावर जाऊ लागली. कुणी खोटं बोलत नव्हतं हो. गेलेलं घर मनात मोठंच होतं, त्याला कोण काय करणार! उकंडरावांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, कागद दोनदा फिरवून पाहिला आणि परत दिला. "यात आमचं काई दिसत नाई बापू. मले चालू दे, मंग सांगतो." आणि त्या खरंच पटांगणात उतरल्या, डोक्यावर घागर असल्यासारखी मान ताठ धरून चालू लागल्या. "हे मारुतीपासून निंघाली. इथं तानाबाईच्या कोंबड्या आडव्या येत. इथून वळली." शेषराव चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन त्यांच्या मागे मागे, पावलांवर पांढरी रेघ सोडत. मग तानाबाई चालली, मग विमलबाई. दोघींच्या वाटा जिथं एकमेकींवरून गेल्या तिथं कोपरा निघाला. दोन वाटांमध्ये जी जागा सुटली तिथं घर निघालं. नदीवरची वाट, देवळाची वाट, सकाळी चूल पेटवायला इस्तो, विस्तव, मागायला जायची वाट. दिवस कलेपर्यंत पटांगणात गल्ली उमटली, खरीखुरी, वाकडी होती तशी वाकडी. कुणीतरी म्हणालं, बसा गं आपापल्या घरात. आणि बाया हसत हसत आपापल्या चौकोनात, जिथं चूल होती तिथं, जाऊन बसल्या. हसणं हळूहळू थांबलं.

"तू काऊन उभा? जाय, मायच्या जागी बस," विमलबाई म्हणाल्या. शेषराव रेघ ओलांडून आत गेला, चपला बाहेर काढून. आईच्या चुलीच्या जागी मांडी घातली आणि सवयीनं मागे रेलला. मागे काही नव्हतं, नुसती हवा. पण पाठीला ऊब लागली. अगदी खरी ऊब. त्याला क्षणभर कळेचना. मग आठवलं, आठवलं म्हणण्यापेक्षा पाठीलाच आठवलं. थंडीच्या सकाळी आई वांग्यांच्या वाफ्यात गेलेली असायची, घरात आपली चूल पेटलेली नसायची, आणि तो घोंगडी घेऊन या भिंतीला पाठ लावून बसायचा, कारण भिंत कोमट असायची. पलीकडे बनाआत्याची चूल होती. भल्या पहाटे पेटायची, सगळ्या गल्लीच्या आधी. भिंतीतून तिच्या भाकरी थापण्याची थपथप ऐकू यायची आणि तो त्या तालावर पुन्हा पेंगायचा. आपल्या पोरपणातली सगळ्यात सुखाची जागा दुसऱ्याच्या चुलीमागची होती, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं आणि डोळे भरून आले. आले तर आले, म्हणून त्यानं ते पुसलेही नाहीत. मग त्यानं बनाआत्याकडे वळून पाहिलं. ती तिथं नव्हती. ती उकंडरावांच्या चौकोनात पुष्पाबाईंच्या मागे, पाहुणी बसावी तशी अंग चोरून बसली होती. आणि जिथं तिची चूल होती, जिथून त्याच्या पाठीला ऊब येत होती, तिथं फक्कीची रेघच ओढलेली नव्हती.

ही गोष्ट सगळ्या माळीपुऱ्याला ठाऊक होती आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. बनाबाई उकंडरावांची सख्खी बहीण. उंद्रीकडे दिली होती. नवऱ्यानं टाकली तेव्हा उकंडराव स्वतः बैलगाडी जुंपून गेले, तिला गाडीत बसवून भर दिवसा गल्लीतून वाजतगाजत आणल्यासारखी आणली, आणि ओट्यावर उभे राहून म्हणाले, "माही बहीण माह्या ताटात जेवीन. कोनाले काई म्हनाचं असंन त आत्ता म्हना." कुणाची काय बिशाद! पण ताट एक असलं तरी दोन बायांची चूल एक होत नाही. नणंद-भावजयीचं फाटलं, आणि फाटायला कारणही धड नव्हतं. एकीला भाजीत तिखट लागे, एकीला नको. शेवटी उकंडरावांनी एका तिन्हीसांजेला मागच्या पडवीत, शेषरावाच्या भिंतीला लागून, स्वतःच्या हातानं माती कालवून बहिणीला चूल घालून दिली आणि कुणाला सांगितलं नाही. शब्द दिलेला ना चारचौघांत! मग गल्लीनंही तो शब्द जपला. रोज सकाळी उकंडराव वाफ्यात गेले की निम्मी गल्ली मागच्या दारानं बनाबाईच्या चुलीतला इस्तो न्यायची आणि विचारलं तर म्हणायची, उकंडरावाच्या घरून आणला. अशी वर्षं गेली. खोटं इतकं प्रेमानं बोललं जात होतं की ते खोटं आहे हे विसरायला झालं होतं. आणि आता साहेब येणार, विचारणार. आणि चूल वेगळी होती असं कुणी सांगितलं नाही तर बनाबाईला जागा नाही. नव्या एका खोलीत पडवी नाही, मागचं दार नाही. म्हातारपणी तिला भावजयीच्या चुलीपुढे ताट घेऊन बसावं लागणार, नाहीतर उठून जावं लागणार. जाणार कुठं?

ती शेडच्या दाराशी मेथी निवडत बसली होती तिथं तो गेला. त्याच्यापुढेही तिनं एक जुडी सारली. पोरपणी सारायची तशीच. दोघं काही वेळ निवडत राहिले. मग तो म्हणाला, "आत्या, साहेबांना सांगा ना. तुमची चूल वेगळी होती म्हणून." तिनं मान वर केली नाही. "माही काहाची वेगळी चूल? मी भावाच्याच घरात होती." "आत्या, मला माहीत नाही का? भिंत गरम लागायची माझ्या पाठीला." आता तिचे हात थांबले. चेहऱ्यावर असं काही आलं की शेषरावाला वाटलं, आपण कुणाच्या तरी बंद खोलीत शिरलो. "तुले लागे काय रे गरम?" ती हळूच म्हणाली. "मले नोहतं माहीत. चांगलं झालं बाप्पा. तुही माय तं वावरात राहे." मग पुन्हा जुडी उचलली. "पाह्य शेषू, त्यानं मले गाडीत बसवून आनलं तवा त्याचं वय काय होतं? मिसूड फुटली होती नुसती. साऱ्या गावाच्या तोंडाले लागला तो माह्यासाठी. अन् आता मी उठून सांगू, यानं मले वेगळं घातलं? मी नाई सांगत. माह्यं काय, चार दिवसाचं राह्यलं."

उकंडराव नदीकाठी आपल्या मिरचीच्या वाफ्यात सापडले. वाफा कसला, गाळ. पण ते खुरप्यानं तो उगाच उकरत होते. तिथं शेषरावानं तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "मले समजते तू काऊन आला. ते सोडून बोल." "काका, खोली एकच आहे." "मंग? माही बहीण माह्या खोलीत राहीन." "आणि काकू?" खुरपं चालत राहिलं. शेषरावाला पुढे वाद घालायचा होता, नियम समजावायचा होता, ते सगळं कचेरीतून पाठ करून आणल्यासारखं तोंडाशी होतं. पण त्या वाकलेल्या पाठीकडे पाहून त्याला ते बोलवेना. तोही खाली बसला आणि गाळ उकरू लागला. हातातलं ढेकूळ फोडत म्हातारा स्वतःशीच बोलल्यागत म्हणाला, "लोकं म्हनतीन, उकंड्यानं बहिनीले मांगच्या पडवीत टाकलं." "लोकांना कधीचंच माहीत आहे काका." उकंडरावांनी झर्रकन वर पाहिलं. "साऱ्याईले?" "साऱ्यांना. सगळे तिथूनच इस्तो न्यायचे." म्हातारा बघतच राहिला. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर आपण एकटे पांघरूण घालतो आहोत असं त्यांना वाटलं होतं, तिचं दुसरं टोक अख्ख्या गल्लीनं धरून ठेवलं होतं. "अन् कोनं काईच बोललं नाई?" ते म्हणाले. उकंडराव उठले, हात झटकले आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. शेषराव उठून निघून आला. अशा वेळी माणसाला एकटं सोडावं, एवढी अक्कल त्याला होती.

दसऱ्यानंतर साहेब आले ते सकाळी, जीपमधून. पटांगणातली गल्ली पाहून आधी ओठ मुडपले, मग गंमत वाटून तिच्यातून चालूच लागले. आश्चर्य म्हणजे रेघ न तुडवता, दारातून दारात, असे. प्रत्येक चौकोनात घरची माणसं उभी. कुणाची चूल, किती माणसं, शेजारी कोण. शेषराव लिहीत मागे. उकंडरावांच्या चौकोनाशी आले तेव्हा त्याच्या टाकाची शाई वाळून गेली होती आणि ती वाळली हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पाठीला पुन्हा ती ऊब जाणवली आणि नकोशी झाली. "इथं चूल एकच ना?" साहेब म्हणाले. मग उकंडराव एक पाऊल पुढे आले, फेटा सारखा केला आणि ओट्यावर उभे राहून बोलावं अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "दोन होत्या साहेब. माह्या बहिनीची चूल वेगळी होती. मीनंच घालून देल्ली. मांगच्या पडवीत."

"नाई साहेब!" बनाबाई मागून ओरडली. तिचा आवाज इतका चढलेला माळीपुऱ्यानं कधी ऐकला नव्हता. "खोटं बोलते थो! मले जागा भेटाव म्हनून खोटं बोलून राह्यला. मी त्याच्याच ताटात जेवत होती. इच्यारा इले!" आणि तिनं पुष्पाबाईंचा दंड धरला. पुष्पाबाईंचा चेहरा कसनुसा झाला. इतकी वर्षं जिच्याशी तोंड नव्हतं ती नणंद दंड धरून नवऱ्याची अब्रू वाचवायला सांगत होती. त्या नुसत्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. साहेब वैतागले. "आता हे काय? भाऊ म्हणतो वेगळी, बहीण म्हणते एक. मी लिहू काय?" मग शेषरावाकडे वळले. "तुम्ही इथलेच ना? तुम्ही सांगा."

शेषरावाला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं. बनाआत्या त्याच्याकडे पाहत होती. डोळ्यांनी ती विनवत होती, नको सांगू रे. आईनंतर या बाईचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. नकाशात रेघ मारताना आजवर त्याला कधी कुणाच्या डोळ्यांत बघावं लागलं नव्हतं. कापडाला डोळे नसतात. त्यानं फक्कीची पाटी उचलली. आईच्या चौकोनाला लागून, उकंडरावांच्या मागे, त्यानं वाकून एक रेघ ओढली, मग दुसरी, मग तिसरी. नावाजलेला हात, पण रेघ वाकडी आली. आली तशी राहू दिली. मग सरळ उभा राहून म्हणाला, "दोन चुली, साहेब. ही बनाबाईंची." आणि गल्लीतून, इकडून तिकडून, बायांचे आवाज आले, "हाव साहेब." "हाव, तिचीच." तानाबाई तर म्हणाली, "मीनं तं पोरीच्या बारशाले बी तिथूनच इस्तो नेला." बनाबाईनं पदर तोंडावर घेतला.

साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढच्या घराकडे गेले. त्यांच्यापाठी गल्ली गेली. विमलबाईंनी बनाबाईला हाताला धरून त्या नव्या पांढऱ्या रेघांच्या आत नेऊन उभी केली. ती उभी राहिली, दोन्ही हात पोटाशी धरून, कुठं बघावं ते न कळल्यासारखी. इवलासा चौकोन. शेषराव टाक झटकत आईच्या जागेवर थांबला होता. त्याला हलताच येईना. उकंडराव रेघेच्या बाहेर येऊन उभे राहिले होते. आत येत नव्हते. म्हाताऱ्यानं आधी एक वहाण काढली, मग दुसरी, आणि दोन्ही नीट शेजारी शेजारी ठेवल्या. "बने," ते म्हणाले, "साऱ्या दुनियेचे भाऊ दिवाईले बहिनीच्या घरी जातेत. मले कुठी जा लागत नोहतं. मी घरीच राहो." "आता या वर्साले येऊ काय? तुह्या घरी?"

बनाबाईनं पदर खाली केला. मग डोळे पुसले, त्या रिकाम्या चौकोनात इकडे तिकडे पाहिलं, घरात काय आहे नि काय नाही याचा अंदाज घ्यावा तसं, आणि म्हणाली, "ये ना. पन दिवाईचं आंगधुनं मी सांगीन तवा कराचं. अन् भाजी मी करीन तशी खा लागंन."

"खाईन," उकंडराव म्हणाले.